पेडल स्टील गिटार: नवी घ्यावी की वापरलेली?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे टेक्सासवाले बरेच आहेत आणि वाद्यातलं कळणारेही, म्हणून विचारते.

मी सॅन अँटोनियोला असते. इथून जवळच ग्रीन नावाच्या वस्तीत १८७८ सालचा डान्स हॉल आहे. उंच पत्र्याचं छप्पर, भिंतींना उघडणाऱ्या झडपा, शनिवारी माणसांनी फुललेला. ऑफिसातल्या मैत्रिणींनी टू-स्टेप शिकायला म्हणून नेलं. नाच राहिला बाजूला. बँडमधले सगळे उभे आणि कोपऱ्यात एक आजोबा तेवढे बसलेले. समोर चार पायांवर आडवी पेटी, वर तारा. हात फारसे हलेनात, पण पेटीखाली त्यांचे गुडघे आपले डावीउजवीकडे चाललेले. आणि तो आवाज! एक सूर जागचा हलत नाही, शेजारचा मींड घेत वर जातो, तिसरा त्याच वेळी खाली उतरतो. एका गळ्यातून हे होणं शक्यच नाही. मध्यंतरात जाऊन विचारलं तर आजोबांनी मला खाली वाकायला लावून सळ्यांचं जाळं दाखवलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

माहेर मिरज, सतारमेकरांची गल्ली हाकेच्या अंतरावर. गाणं विशारदपर्यंत केलंय. गिटार कधी धरलेली नाही. आमच्या घरचा तंबोरा आजीच्या वेळचा आहे, जवारी काढून आणली की नव्याला लाजवतो. त्यामुळे माझा ओढा जुन्याकडे. नवरा म्हणतो, पैसे घालायचेच तर कोरी घे, बिघडली तर बनवणाऱ्याला धरता येईल.

सध्या नजरेत तीन आहेत. एक, ७० च्या दशकातली शो-बड मॅव्हरिक: दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याची एक लिव्हर, ९०० डॉलर. दिसायला देखणी, लाकडाला सुंदर पॉलिश. दुसरी, त्याच काळातली डॅलसची एमएसए, डी-१० म्हणजे दोन नेकवाली (दहा-दहा तारांचे दोन संच), आठ पेडल, चार लिव्हर, १,८०० सांगतायत. तिसरी नवी: एक नेक, तीन पेडल, चार लिव्हर, पण २,८०० डॉलर आणि ऑर्डर दिल्यावर कित्येक महिने थांबायचं.

माझी उंची पाच फुटांना थोडी कमी. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सांगा काय करू?

सातारी_बोका

आधी कुणाची तरी उसनी आणून महिनाभर बघा. आमच्याकडे असाच हौसेने घेतलेला ट्रेडमिल आहे. टॉवेल छान वाळतात.

सहा_तारा

ताई, मी पुण्याचा, हवायन गिटार वाजवतो. आपल्याकडे या वाद्याची परंपरा जुनी आहे. व्हॅन शिप्ले, हजारासिंग यांनी सिनेसंगीतात वाजवलं, ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग मांडले, सुनील गांगुलींच्या तबकड्या घरोघरी होत्या. तुम्हाला मींड हवी आहे ना? मग एवढा लोखंडी संसार कशाला? साधी लॅप स्टील घ्या, मांडीवर ठेवा, तारांवर सरकवायला एक दांडी आणि छेडायला तीन नख्या. तीनचारशे डॉलरमध्ये काम होईल. विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यांच्या वाद्याला कुठे पेडल होतं?

नवं-जुनं हा प्रश्नच उरत नाही मग.

कारभारी

मिरजकरीणताई, मी फोर्ट वर्थला असतो. सगळी नोकरी हायड्रॉलिक प्रेसच्या दुरुस्तीत झाली, आधी चिंचवडला, मग इथे. आता एका कंट्री बँडमध्ये शनिवार-रविवार स्टील वाजवतो आणि आठवडाभर लोकांच्या गिटारी उलट्या करून बसतो. तेव्हा थोडं लांबण लावणार, चहा घेऊन वाचा.

तंबोऱ्याचा हिशेब इथे लावू नका. तंबोऱ्यात हलणारं काय असतं? खुंट्या आणि मणी. भोपळा-लाकूड जितकं वाळेल तितकं बोलतं, आणि जवारी घासून नवी करता येते. पेडल स्टील अर्धं वाद्य आणि अर्धं यंत्र. मेपलचं लाकूड पन्नास वर्षांत बिघडत नाही. झिजतात ते खालचे सांधे. म्हणून वरच्या पॉलिशवर भाळायचं नाही.

तुम्ही गाणाऱ्या, म्हणून स्वरांत सांगतो. ई नाइन्थ हे नॅशव्हिलचं, म्हणजे कंट्री संगीताचं, ट्यूनिंग (तारा लावायची पद्धत). ई ला सा धरा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तारेवर अनुक्रमे ग, सा, प. ए पेडल दाबलं की प चा ध होतो. बी पेडल दाबलं की ग चा म. दोन्ही दाबली की सा-ग-प चं सा-म-ध झालं, दांडी जागची न हलवता. तुम्हाला डान्स हॉलमध्ये जे ऐकू आलं ते याच जातीचं: एक सूर स्थिर, बाकीचे दोघे सरकले. सी पेडल सा ला रे वर नेतं आणि प ला ध वर. गुडघ्याच्या लिव्हर उरलेलं करतात. बहुतेकांची मांडणी अशी की डावा गुडघा डावीकडे ढकलला की सा चा कोमल रे, उजवीकडे ढकलला की नी. आणि हो, पहिली तार सगळ्यात उंच नसते. सगळ्यात उंच तिसरी. पहिल्या दोन, म्हणजे रे आणि नी, नावाजलेला स्टीलवादक बडी एमन्स, त्याने मागाहून वर आणून बसवल्या. सतारवाल्याला हे पचायला वेळ लागतो, तुम्हाला कदाचित लागणार नाही.

सहा_तारा, तुमच्या वाद्याचा मान ठेवून सांगतो, बाईंना जे हवंय ते लॅप स्टीलवर मिळणार नाही. तिथे दांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. दांडी तिरकी करून थोडं काही साधतं, पण एक तार स्थिर ठेवून शेजारच्या दोघी विरुद्ध दिशांना नेणं, तेही दोन्ही सुरेल, हे पेडलचंच काम.

आता मॅव्हरिक. शो-बड हे मोठं नाव, शॉट जॅक्सन आणि बडी एमन्सनी मिळून काढलेलं, आणि त्यांच्या वरच्या मॉडेलांवर माझाही जीव आहे. पण मॅव्हरिक ही शिकाऊ लोकांसाठी काढलेली. एक लिव्हर म्हणजे सा चढेल किंवा उतरेल, दोन्ही नाही. याचा तोटा कसा होतो बघा. जी मेजर कॉर्ड, म्हणजे जी ला सा धरून सा-ग-प, तारांखाली आखलेल्या रेषांपैकी तिसऱ्या रेषेवर दांडी ठेवली की पेडलशिवाय मिळते. तीच सहाव्या रेषेवर ए पेडल आणि सा चढवणारी लिव्हर एकदम लावून मिळते, आणि दहाव्यावर ए-बी पेडलांनी. शिकवणी कुठलीही घ्या, ऑनलाइन वा समोरासमोर, या तीन जागांमध्ये ये-जा करणं हाच पहिल्या वर्षाचा धडा. चढवणारी लिव्हर नसली तर मधली जागा गायब, उतरवणारी नसली तर पुढचे धडे गायब. मागाहून लिव्हर बसवता येईल म्हणाल, तर बऱ्याच मॅव्हरिकमध्ये खालची यंत्रणा इतकी साधी आहे की त्या खर्चात दुसरी गिटार येईल. ९०० डॉलरला भिंतीशी ठेवायला सुंदर आहे.

म्हणून माझी पहिली अट नवी-जुनी अशी नाहीच. तीन पेडल आणि चार लिव्हर, आणि ऑल-पुल यंत्रणा. याच्या आत घ्यायची नाही.

ऑल-पुल म्हणजे काय ते एकदा समजून घ्या, म्हणजे बघायला गेल्यावर कुठे नजर टाकायची ते कळेल. उजव्या टोकाला, जिथे आपल्याकडे घोडी असते, तिथे प्रत्येक तार एका धातूच्या छोट्या बोटावरून वळते. या सगळ्या बोटांच्या जुळणीला चेंजर म्हणतात. पेडल दाबलं की उभी सळी आडवा दांडा फिरवते, दांड्यावरचा क्रँक आडवी सळी ओढतो, सळी ते बोट फिरवते, तार ताणली जाते. उतरवायचं असेल तर दुसरी सळी बोट उलट दिशेला सैल सोडते आणि स्प्रिंग नंतर त्याला जागेवर आणते. सळीच्या टोकाला बाहेरून दिसणारी नायलॉनची षटकोनी नट असते. ती किल्लीने फिरवून चढलेला किंवा उतरलेला सूर लावायचा. मोकळी तार मात्र खुंटीकडून. एमन्सच्या जुन्या पुश-पुल गिटारी आवाजाला अप्रतिम, पण त्या लावायची पद्धत वेगळी आणि किचकट, पहिल्या खरेदीत नको. फेंडरच्या जुन्या ४०० आणि १००० मध्ये तर सळ्यांऐवजी केबल आहेत आणि नेकला आठच तारा.

बघायला जाताना क्लिपवाला ट्यूनर न्या. तिथे जाऊन दोनच गोष्टी नीट करा. चौथी तार सा ला लावा, मग तिला हात न लावता ए आणि बी पेडल दाबा आणि चौथीच छेडा. काटा थोडा खाली येईल. पेटीवर ताण आला की लाकूड किंचित वाकतं, याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. चारपाच सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली आला तर संसार चालतो. दहाच्या पुढे गेला तर विकणारा काहीही सांगो, परत या. दुसरी गोष्ट, तीच तार लिव्हरने नी वर उतरवून सोडा, बघा सा वर परत येते का. मग कोमल रे वर चढवून सोडा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा काटा वेगळीकडे थांबला तर चेंजर अडकतोय. पण इथे घाबरून पळू नका, कारण निम्म्या वेळा हा दोष नसून घाण असते. कुणीतरी कधीकाळी जाड तेल घातलेलं, ते वाळून चिकट झालेलं. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था सोडून धुतलं, वाळू दिलं, मग पातळ तेलाचा थेंब दिला की गिटार पुन्हा माणसात येते. हा दोष भाव पाडायला उत्तम. बोटांच्या माथ्यावर तारेने खाच पाडलीय का तेही बोट फिरवून बघा. तिसरी तार फक्त ०.०११ इंचाची असते, खाच असली की ती तिथेच पुन्हा पुन्हा तुटते.

डी-१० एमएसए. कंपनी मॉरिस अँडरसनची, आमच्या डॅलसचं घराणं. ८० च्या दशकात बंद पडली, पुढे पुन्हा सुरू झाली. त्या गिटारी दणकट. १,८०० हा भाव वावगा नाही. पण दुसरा नेक सी सिक्स्थ ट्यूनिंगचा असतो, वेस्टर्न स्विंग आणि जॅझसाठी, आणि तुम्हाला पहिली दोन-तीन वर्षं त्याच्याकडे बघायलाही सवड होणार नाही. शिवाय केससकट ७० पौंडांच्या पुढे. दुसरा मजला म्हणालात ना?

नवीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो वॉरंटीचा नाही. तुमच्या उंचीचा आहे. स्टील बनवणारे बहुतेक लहान कारखाने, एखादा माणूस आणि त्याचे एकदोन मदतनीस. ऑर्डर देताना मांडीची उंची सांगितली तर पाय आणि पेडलच्या सळ्या त्या मापाच्या मिळतात. जुन्या गिटारीचे पाय थोडेफार आत घेता येतात, त्याहून कमी लागलं तर आखूड पाय आणि त्याच मापाच्या सळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. मिळतात, पण खर्चात धरा. बसून बघितल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. डाव्या पायाचा चवडा ए आणि बी वर एकदम गेला पाहिजे आणि त्याच वेळी गुडघा दोन्ही बाजूंच्या लिव्हरला पोचला पाहिजे. उजवा पाय कायम व्हॉल्यूम पेडलवर.

माझं मत विचाराल तर वाजवणाऱ्या माणसाने वापरलेली, तीन-चारची, एका नेकची. गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या कोऱ्यापेक्षा दर शनिवारी वाजलेली जुनी बरी, कारण तिची काळजी घेतलेली असते. आणि वर्षाने नाद सुटला तर जवळपास घेतल्या भावात जाते. नवीला पहिल्या दिवशीच घट लागते.

सहा_तारा

कारभारी, सा-ग-प चं सा-म-ध वाचून गप्प बसलो. माझा मुद्दा मागे. तरी ताईंनी दांडी धरायला आधी साध्या लॅप स्टीलवर शिकावं असं अजूनही वाटतं, सुरेलपणा तिथेच येतो.

कारभारी

दांडी दोन्हीकडे तीच, म्हणून थेट इथेच शिकू द्या. फक्त पेडलची दांडी जास्त जाड आणि जड असते.

मिरजकरीण

काका, तुमची पोस्ट छापून घेऊन गेले होते!

मॅव्हरिक बाद केली. फोटो अजून फोनमध्ये आहेत, नवऱ्याला सांगू नका.

एमएसए बघायला गेलो. मालकांनी गॅरेजात आडोशाला ठेवली होती. कॅबिनेट ड्रॉप जेमतेम तीन सेंट, मी खूश. पण लिव्हर सोडल्यावर सा परत यायलाच तयार नाही, एकदा खाली तर एकदा वर. चेंजरच्या बोटांमध्ये काळपट गुळगुळीत काहीतरी. तुम्ही म्हणालात तेच तेल असणार. धुऊन निघेलही. पण केसचं एक हँडल मी आणि एक नवऱ्याने धरून गाडीपर्यंत नेऊन पाहिलं, आणि जिना आठवला. नवरा एरवी नव्याच्या बाजूने होता, पण त्या क्षणी त्याला हलकी हवी होती, मग ती शंभर वर्षांची असो.

मालक सज्जन. म्हणाले, तुला एवढं सगळं तपासता येतं तर माझ्या चर्चमधल्या मित्राकडे जा. त्यांच्याकडे एसडी-१० निघाली. म्हणजे पेटी दोन नेकांइतकी रुंद पण तारा एकाच नेकच्या, आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेवर मनगटं टेकायला गादी. तीन पेडल, पाच लिव्हर, ऑल-पुल. पाचवी लिव्हर डाव्या गुडघ्याने वर उचलायची, तिथपर्यंत माझा गुडघा काही केल्या पोचेना. ते गृहस्थ स्वतः सहा फुटी. बाकी चारही लिव्हर आणि ए-बी एकदम, हे जमलं. मी खुर्चीवर फोनबुक ठेवून बसले होते, ते त्यांनीच आणून दिलं. ड्रॉप चार सेंट. सा दोन्हीकडून जागेवर. तिसऱ्या तारेच्या बोटावर खाच लागली नाही.

एकच खटकलं. व्हॉल्यूम पेडल दाबताना खरखर येत होती.

२,१०० सांगतायत, व्हॉल्यूम पेडल आणि दांडी त्यातच. नवीपेक्षा सातशेने कमी आणि उद्या घरी येऊ शकते. खरखर गिटारची की पेडलची हे मला ओळखता आलं नाही. आणि पाचव्या लिव्हरचं काय करू?

कारभारी

खरखर पेडलची. आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा भाग) झिजतो, विशेषतः जिथे पाय जास्त वेळ असतो त्या मधल्या टप्प्यात. पॉट बदलला की झालं, दहावीस डॉलरचा भाग. खात्री हवी असेल तर पेडल बाजूला काढून वायर थेट अँपला लावा आणि ऐका. त्या खरखरीचे शंभर कमी करायला सांगा, ते करतील.

पाचवी लिव्हर सध्या काढून केसमध्ये ठेवा. दोन स्क्रूचं काम आहे. पुढे हवीशी वाटली तर खालचा तुकडा लांब करून देतो, फोर्ट वर्थला या. फोनबुकवर मात्र नेहमी बसू नका. खुर्ची उंच केली की पेडल लांब जातात. टाच टेकवून पाय वाकतो का ते धरून आधी गिटारची उंची ठरवा, खुर्ची मागून.

घ्या. १,९५० ला मिळाली तर फार बरं, नाही मिळाली तरी घ्या.

सातारी_बोका

टॉवेलसाठी गादीपण आहे म्हणायची.

मिरजकरीण

दोन हजारांत जमलं! दुसऱ्या मजल्यावर आली, एकटीने उचलली (पाय आणि पेडलची पट्टी सुटी करून). तारा लावताना मात्र अडलेय. ट्यूनरवर सगळं हिरवं दिसतं, काटा मध्यावर, तरी सा-ग-प एकत्र छेडलं की ग कानाला टोचतो. ट्यूनर खराब की गिटार?

कारभारी

दोन्ही ठीक आहेत, ठीक आहेत तुमचे कान. ट्यूनर हार्मोनियमचा ग दाखवतो. तुम्ही आयुष्यभर तंबोऱ्याच्या खरजातून आपोआप उमटणारा ग ऐकलाय, तो त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट उतरा असतो. इथले स्टीलवालेसुद्धा तिसरी आणि सहावी तार शून्यावर लावत नाहीत, काटा दहा-बारा सेंट डावीकडे ठेवतात. ए पेडल दाबल्यावर येणारा ध पण तसाच उतरा ठेवा, सा-म-ध च्या कॉर्डमध्ये त्याची जागा तीच आहे. तो खुंटीकडून नाही, टोकाच्या नायलॉन नटने लावायचा.

आधी चौथी आणि आठवी सा ला, मग पाचवी आणि दहावी प ला. तिसरी-सहावी ट्यूनर बंद करून कानाने. बँडमध्ये कीबोर्डवाला असेल तर थोडं मध्ये यावं लागेल, पण घरात कोण अडवतंय.